वहीतलं अक्षर माझं नव्हतं

आता जे लिहितोय ते आजवर कोणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही — ती गेली त्याला नऊ वर्षं झाली — आणि हजला गेलो तेव्हा दुआ मागतानाही हे मी जिभेवर येऊ दिलं नाही. म्हणजे बघा, अल्लाहपासूनसुद्धा लपवायला निघालो होतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवाच्या त्या प्रकारामुळे.

परवा काय झालं — मी मुलाकडे राहतो, अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत. नात नववीत आहे. ती वही घेऊन माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "दादा, यू वेअर गुड इन हिस्टरी ना? पप्पा सेड यू हॅड डिस्टिंक्शन." आणि विचारलं, नेपोलियन शेवटी मेला कुठे? साधा प्रश्न. पण मी आधी चष्मा काढून दोनदा पुसला. उत्तर मी दिलं. बरोबर दिलं. ते मला कोणी शिकवलं, ते मात्र सांगितलं नाही.

माझं नाव लतीफ नाही. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगताच येणार नाही. लतीफ माझा चुलतभाऊ. बाणकोटच्या खाडीकाठी आमची घरं एकमेकांना लागून होती. तो दापोलीला राहून मॅट्रिक झाला, इतिहासात डिस्टिंक्शन मिळवलं, आणि निकालानंतर दोन महिन्यांत टायफॉइडने गेला. मी दोनदा नापास. दोन्ही वेळा इतिहासात! आमच्याकडे तेव्हा असं सर्रास चालायचं — मोठ्याच्या सर्टिफिकेटवर धाकटा बोटीत चढायचा. त्याला कोणी खोटं म्हणत नसे. मोठ्याचा सदरा धाकट्याने घालावा, तसंच ते. लतीफचं सर्टिफिकेट चाचीने स्वतःच्या हाताने ट्रंकेतून काढून दिलं. कागदावरून दोनदा हात फिरवला आणि म्हणाली, "बाला, माज्या लतीफच्या नावाला बट्टा लावू नको."

त्याच नावाने पासपोर्ट निघाला. त्याच नावाने मी इथे आलो.

ही साठ सालानंतरची गोष्ट. अमिरात नावाचा देश तेव्हा झालेला नव्हता. आज जिथे रुवैसची रिफायनरी उभी आहे, तिथून आत वाळूत दिवसभर ट्रकने गेलं की आमचा ड्रिलिंग कॅम्प लागायचा. पत्र्याच्या केबिन, एक जनरेटर, पाण्याचा टँकर, आणि चारी बाजूंनी काही नाही. ड्रिलिंग करणारे अमेरिकन, कॅम्पचा कारभार बघणारा एक इंग्रज, आणि बाकी आम्ही — कोणी केरळचा, कोणी बलुची, कोणी कोकणातला. मी ऑफिसात क्लार्क. हजेरी, स्टोअर, टपाल, सगळं माझ्याकडे.

आणि भीती. ती पहिल्या दिवसापासून सोबत होती. मागून कोणी "लतीफ" अशी हाक मारली की मला क्षणभर कळायचंच नाही, आणि मग वाटायचं — उशीर झाला का? कोणी बघितलं का? स्वतःच्या नावाला दचकणारा माणूस तुम्ही पाहिलाय कधी?

आता मिस्टर रॉयबद्दल सांगतो. हा ड्रिलिंगवरचा मुकादम, ओक्लाहोमाचा, पन्नाशीला आलेला. मनगटं माझ्या पोटरीएवढी. शाळा आठवीत सोडलेली. पण बायको शिक्षिका. करार संपला की ती अमेरिकेहून युरोपात येणार, हा इथून जाणार, आणि दोघं तीन आठवडे फिरून मग घरी जाणार, असं ठरलं होतं. आणि रॉयला त्या फिरण्याचीच धास्ती पडली होती. बायको प्रत्येक चर्चसमोर, प्रत्येक पुतळ्यासमोर उभी राहून सांगणार, आणि आपण बैलासारखी मान हलवणार — हे त्याला नको होतं. एके दिवशी तो माझ्या केबिनमध्ये आला, दार लावून घेतलं, आणि लाजत म्हणाला की फाइलमध्ये माझे इतिहासाचे मार्क त्याने पाहिलेत. दर शुक्रवारी सकाळी एक तास त्याला युरोप शिकवायचा.

नाही म्हणायला हवं होतं ना? पण नाही म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं — का नाही?

त्याला युरोपचं काय माहीत होतं, सांगू? दुसऱ्या महायुद्धात तो सैनिक म्हणून अख्खा फ्रान्स चालत गेला होता. एका पुलावर त्याचा मित्र मेला होता. त्या पुलाचा दगड न् दगड त्याला आठवत होता, पण नदीचं नाव आठवत नव्हतं. आजोबा लहानपणी जर्मनीतून बोटीने आले एवढं ठाऊक, जर्मनीत कुठून आणि का ते ठाऊक नाही. बाकी तिथे राजे असायचे आणि ते एकमेकांच्या बहिणींशी लग्नं करायचे. बस, खलास. मला मनातल्या मनात हसू यायचं. आणि आमचे पूर्वज अरबस्तानातून गलबतावर आले असं आम्हीही सांगतोच की — कुठल्या बंदरातून, का, हे आमच्यात कोणाला माहीत होतं? पण हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा एवढंच सुचलं, की अमेरिकन माणसाला युरोपचा इतिहास माहीत नसतो. म्हणजे मी काहीही सांगितलं तरी चालेल.

आणि मी काहीही सांगितलं. नापास झालेल्या पोराच्या डोक्यात जे तुकडे उरतात ते एकमेकांना चिकटवून दर शुक्रवारी वेळ मारून नेली. वॉटर्लू इंग्लंडमध्ये आहे म्हणालो. नेपोलियनला पकडून लंडनला फासावर दिला म्हणालो. आणि एकदा — त्याने आजोबांचा विषय काढला तेव्हा — मी ठोकून दिलं की नेपोलियनच्या जाचामुळेच त्या काळी जर्मन लोक पळाले, तुझे आजोबाही त्यातलेच असणार. रॉयचे डोळे भरून आले. आपल्या घराण्याला इतिहास आहे हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं, आणि ते मी सांगितलं होतं. त्याच दिवशी त्याने बायकोला मोठं पत्र लिहिलं. मीच ते टपालात टाकलं.

याच सुमारास उस्मान आला.

दुबईत देऱ्याच्या धक्क्यावर हमाली करणारी माणसं कंत्राटदार गोळा करायचा आणि ट्रकने आमच्याकडे धाडायचा. त्यातला हा एक. साहेबांच्या मेसमध्ये वाढपी म्हणून. गलबताने चोरून आलेला, जवळ कागद काही नाही — किनाऱ्यापासून लांब उतरवलं होतं, छातीभर पाण्यातून चालत आला होता, त्यात कनवटीचे कागद भिजून लगदा झाले. मी हजेरीत त्याचं नाव लिहीत होतो. मागून खानसामा म्हणाला, "लतीफभाई, इसको मेस में डालो." उस्मानने मान वर करून माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं.

तीन दिवसांनी स्टोअरमध्ये पिठाची पोती मोजताना तो हळूच म्हणाला, "लतीफ माझ्या बाकावर बसायचा. दापोलीला. तुम्ही त्याचे कोण?"

"चुलतभाऊ," मी म्हणालो.

"चाचीला माहीत आहे?"

"तिनेच दिलं."

"मग खलास, भाई. मला काय करायचंय." आणि त्याने पुढचं पोतं उचललं.

इतकंच. पुन्हा कधी तो विषय त्याने काढला नाही. काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं — निदान किती घाबरायचं ते कळलं असतं! मी रोज वाट बघायचो. आज बोलेल. आज सुट्टी मागेल, आज हलकं काम मागेल. तो चहा ठेवून निघून जायचा. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. सगळा कॅम्प मला लतीफभाई म्हणायचा, पण उस्मान फक्त "भाई" म्हणायचा. ते नाव तो माझ्यासाठी वापरत नव्हता. त्याच्या दोस्ताचं होतं ना ते.

एका शुक्रवारी तो कॉफी घेऊन केबिनमध्ये आला तेव्हा मी नेपोलियनची फाशी पुन्हा रंगवून सांगत होतो. ट्रे हातात धरून तो थोडा थांबला. नंतर मेसच्या मागे मला गाठून म्हणाला, "भाई, त्याला फाशी नव्हती दिली. समुद्रातल्या बेटावर ठेवला होता, सेंट हेलेना. तिथेच आजारी पडून मेला. आणि वॉटर्लू बेल्जियममध्ये." त्याच्या आवाजात हेटाळणी नव्हती. उलट आनंद होता — इतक्या दिवसांनी कोणाशी तरी त्या विषयावर बोलायला मिळालं याचा. पुढच्या आठवड्यात त्याने मला एक वही दिली. स्टोअरमधली साधी वही. तिच्यात त्याने आठवून आठवून, सुबक इंग्रजी अक्षरात, युरोपचे धडे लिहून काढले होते. मी ते पाठ करायचो आणि नेपोलियनची पानं सोडून बाकीचं रॉयला शिकवायचो. उस्मान म्हणाला होता, आधी चुकीचं सांगितलंय ते कबूल करून टाका, साहेब हसेल आणि विसरेल. "इन्शाल्ला सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही.

आणि मग ते पत्र आलं. टपालाच्या थैलीतून ते मीच काढलं, मीच त्याच्या टेबलावर ठेवलं.

दुपारी रॉय माझ्या केबिनमध्ये आला. ओरडला नाही. ओरडला असता तर... जाऊ दे. मिस्टर रॉय खुर्चीवर बसला आणि पत्र गुडघ्यावर ठेवून सांगू लागला. त्याच्या बायकोने त्याचं पत्र कौतुकाने चर्चनंतरच्या जेवणात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. तिथे गावातला एक म्हातारा औषधवाला होता. तो उठून म्हणाला की नेपोलियन मेल्यावर कितीतरी वर्षांनी रॉयचे आजोबा जन्मले, आणि फाशीचं तर काहीतरीच. सगळी माणसं हसली. रॉयची आईही तिथे बसली होती. तिने आपल्या सासऱ्याची ती गोष्ट खरी मानून आठवडाभर शेजारपाजारी सांगितली होती.

अमेरिकेत सगळे रॉयसारखेच असतील असं मी धरून चाललो होतो. एका खेड्यातल्या औषधवाल्याने मला उघडं पाडलं!

कोपऱ्यात तो इंग्रज कॅम्प बॉस उभा होता. त्याला हे फार गमतीचं वाटलं. हसत हसत तो म्हणाला, याला तर इतिहासात डिस्टिंक्शन आहे ना, काढा बघू ते सर्टिफिकेट, त्या शाळेलाच पत्र टाकून विचारू या हे असलं काय शिकवता. आणि फाइलच्या कपाटाकडे वळला.

त्याने थट्टा केली असेल. आज वाटतं, थट्टाच होती. पण मला त्या क्षणी काय काय दिसलं म्हणून सांगू — शाळेतलं रजिस्टर, त्यात लतीफच्या नावापुढे लिहिलेलं "मयत", आणि दारात पोलीस पाटलासमोर उभी असलेली चाची. आणि मी टेबलाचा खण उघडून ती वही काढली. म्हणालो, सर, हे मी नाही, मेसमधल्या उस्मानने हे सगळं लिहून दिलं, मी विश्वास ठेवला. बघा — हे अक्षर माझं नाही.

अक्षर माझं नव्हतंच. तेवढंच खरं होतं.

रॉयने वही हातात घेतली, पानं उलटली. मी त्याच्या बोटांकडे बघत होतो. कारण त्या वहीत सगळं बरोबर होतं! फाशी नव्हती, बेट होतं. बेल्जियम होतं. पानापानावर मी खोटा आहे हे लिहिलेलं होतं. फक्त वाचणाऱ्याला कळायला हवं होतं. रॉय नुसतं अक्षर बघत होता, वाचत नव्हता. इंग्रजाने वही उघडलीसुद्धा नाही.

उस्मानला बोलावलं. इंग्रजाने वही दाखवून विचारलं, हे तू लिहिलंस? उस्मानने वही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. एक वाक्य पुरेसं होतं त्याला. तो म्हणाला, "यस सर. माय रायटिंग." आणि उभा राहिला.

आता इथे जे आहे, ते खरं सांगायचं आहे. एवढ्यावर प्रकरण मिटत होतं. रॉय शांत झाला होता. जाऊ दे म्हणाला, पोराने चांगुलपणाने केलं असेल, आपलं काम कर जा म्हणाला. उस्मान दाराकडे वळला. फाइलचं कपाट बंद होतं. मी वाचलो होतो — कळतंय ना तुम्हाला? मी वाचलो होतो. पण मला वाटलं, हा मेसमध्ये रॉयला दोन वेळा वाढतो. उद्या रॉय सहज विचारेल, आणि हा सहज सांगेल. मग? तेव्हा मी म्हणालो, "सर, ही हॅज नो पेपर्स."

पहिलं वाक्य भीतीने तोंडातून गेलं. हे दुसरं मी विचार करून बोललो.

कागद नसलेली माणसं कॅम्पवर आणखीही होती, इंग्रजाला ते माहीत होतं. पण क्लार्कने तोंडावर सांगितल्यावर त्याला माहीत नाही असं दाखवता येईना. शनिवारचा ट्रक अबू धाबीला जाणार होता, तिथून बिनकागदांच्या माणसांना बोटीने परत धाडत. त्या ट्रकच्या यादीत उस्मानचं नाव मीच लिहिलं. त्याच हजेरीच्या पेनने.

जाताना तो एकच वाक्य बोलला. ते सांगतो — जरा थांबा.

दोन महिन्यांनी रॉयचा करार संपला. ती वही त्याने आठवण म्हणून बरोबर नेली. मी नको कसं म्हणणार? पुढे बेल्जियमहून त्याचं कार्ड आलं. वॉटर्लूच्या टेकडीचं चित्र. मागे लिहिलं होतं की बायकोने वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, वहीत एकही चूक नाही, आपण त्या माणसावर अन्याय केला, त्याला शोधून हे कळव आणि परत कामावर घ्यायला सांग. शेवटी त्याने एवढंच विचारलं होतं — मग ते फाशीचं मला कोणी सांगितलं?

मी ते कार्ड मेसच्या स्टोव्हवर धरलं. पूर्ण जळेपर्यंत तिथेच उभा राहिलो, खानसामा बघत होता तरी.

कोणाला कळवलं नाही. उस्मान पुन्हा कधी गल्फला आला नाही. त्याच्या गावचे लोक सांगायचे, वाडीतल्या मुलांना घरी शिकवतो, रेशनच्या दुकानात पावत्या लिहितो. एकदा सुट्टीत गेलो असताना ईदच्या नमाजाला मंडणगडच्या मशिदीत तो दिसला. केस पांढरे झाले होते. लोक गळाभेट घेत होते, तो एकेकाला भेटत माझ्याच बाजूला येत होता. मी चपला हातात घेतल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. पळालो म्हणा. नंतर तो गेल्याचं कळलं. चाची त्याच्या आधीच गेली होती — मी लतीफचं नाव राखलं, असं सगळ्यांना सांगत गेली.

आता तो ट्रक.

शनिवारची सकाळ. ट्रकवर पाच-सहा माणसं, रिकामी पिंपं, आणि पिंपांना टेकून उस्मान, मांडीवर गाठोडं. इंग्रज यादी घेऊन उभा, रॉय बाजूला सिगारेट ओढत, सगळी मेस बाहेर आलेली. मला पक्कं वाटत होतं की आता हा बोलणार. आता त्याचं काय जाणार होतं? नोकरी गेलीच होती. एका वाक्यात तो मलाही त्याच ट्रकवर चढवू शकत होता. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. उस्मानने सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाला,

"येतो, लतीफभाई."

त्या एका दिवशी, पहिल्यांदा आणि शेवटचं, त्याने मला त्या नावाने हाक मारली. आणि मी त्या नावाला ओ दिली.